शाफ्ट्सबरीचा कायदा : स्वातंत्र्याची सनद आणि तिचा अपवित्र शिल्पकार

१/ अटकेतील व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा आणि अटकेचे कारण दाखवा. हेबियस कॉर्पस, अर्थात बंदी प्रत्यक्षीकरणाचा हा आदेश भारतीय नागरिक आज संविधानाच्या अनुच्छेद ३२ व २२६ अन्वये मागू शकतो. या जुन्या आदेशाला धार देणारा १६७९ चा इंग्लिश कायदा ज्या उमरावाने पुढे रेटला, त्याला स्वातंत्र्याचा पुजारी मानणे मात्र इतिहासाशी प्रतारणा ठरेल.

२/ अँथनी अ‍ॅशली कूपर. जन्म १६२१, डॉर्सेट परगणा. बालपणीच पोरका, पण विस्तीर्ण जमिनींचा वारस. यादवी युद्धात आधी राजाच्या बाजूने, १६४४ पासून पार्लमेंटच्या बाजूने, पुढे क्रॉमवेलच्या राज्यमंडळात. आणि १६६० मध्ये परागंदा दुसऱ्या चार्ल्सला परत बोलावण्यास ब्रेडा येथे गेलेल्या शिष्टमंडळातही तोच!

३/ नव्या राजाने त्याला अर्थखाते दिले. १६७२ मध्ये शाफ्ट्सबरीचा अर्ल आणि लॉर्ड चॅन्सेलर केले. वर्षभरातच मर्जी फिरली. राजबंधू जेम्स कॅथलिक झाला होता, आणि कॅथलिक राजा म्हणजे फ्रान्ससारखी अनियंत्रित सत्ता, असे समीकरण शाफ्ट्सबरीने मांडले. मंत्री विरोधकांचा नेता झाला.

४/ फेब्रुवारी १६७७. पंधरा महिने तहकूब राहिलेले पार्लमेंट आपोआप विसर्जित झाले आहे, असा दावा केल्याबद्दल उमरावांच्या सभागृहानेच त्याला टॉवरमध्ये धाडले. त्याने हेबियस कॉर्पसचा आधार घेतला. न्यायालयाने हात वर केले. सुटकेसाठी त्याला वर्षभर थांबावे लागले.

५/ २७ मे १६७९ रोजी नव्या कायद्याला राजाची संमती मिळाली. आदेश मूळचा शतकानुशतके जुना. कायद्याने त्यातील पळवाटा बुजवल्या. कैदी हजर करण्यास मुदत ठरली. टाळाटाळ करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला पहिल्या कसुरीस १०० पौंड, दुसऱ्यास २०० पौंड दंड. कैद्याला समुद्रापार धाडण्यासही मनाई झाली.

६/ आता नाण्याची दुसरी बाजू. १६७८ च्या शरदात टायटस ओट्स नावाच्या भामट्याने राजाच्या खुनाचा कॅथलिक कट रचला गेल्याची थाप मारली. ही आग शाफ्ट्सबरीने लावली नव्हती. पण तिच्यावर पोळी मात्र त्याने भाजून घेतली. जेम्सला वारसाहक्कातून वगळण्याच्या मोहिमेला या भीतीचेच इंधन होते.

७/ खोट्या साक्षींवर निरपराध माणसे वधस्तंभावर गेली. डिसेंबर १६८० मध्ये वृद्ध व्हायकाउंट स्टॅफर्डचा शिरच्छेद झाला. जुलै १६८१ मध्ये आर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट टायबर्नला फाशी गेले.

८/ समुद्रापलीकडचे चित्र याहून काळे आहे. कॅरोलिना वसाहतीच्या आठ मालकांपैकी तो एक. जॉन लॉक त्याच्या घरचा वैद्य आणि सल्लागार. लॉकचा हात लागलेल्या १६६९ च्या तिथल्या मूलभूत विधानाने मालकाला कृष्णवर्णीय गुलामांवर निरंकुश सत्ता दिली. लंडनमध्ये निरंकुश सत्तेला विरोध आणि कॅरोलिनात तिचीच तरतूद!

९/ जुलै १६८१ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली तो पुन्हा टॉवरमध्ये गेला. नोव्हेंबरात लंडनच्या ग्रँड ज्युरीने आरोपपत्र फेटाळले. ही ज्युरी त्याच्याच पक्षाच्या शेरीफांनी निवडलेली होती. वर्षभराने तो हॉलंडला पळाला. जानेवारी १६८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्याचा अंत झाला.

१०/ मग निवाडा काय? ‘काळच तसा होता’ म्हणून त्याला सोडून देता येत नाही. खोट्या साक्षीने माणूस मारणे त्या काळीही पापच मानले जाई. पण त्याच्या पापांमुळे कायदा खोटा ठरत नाही. त्या कायद्याच्या मजकुरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा भेद नव्हता. ज्यांच्याविरुद्ध शाफ्ट्सबरीने लोकक्षोभ पेटवला, त्यांनाही तो दार उघडत होता.

११/ हक्कांचे मोल ते मिळवून देणाऱ्याच्या चारित्र्यावरून ठरत नाही. आपल्याला अत्यंत अप्रिय असलेल्या कैद्यालाही ते लागू होतात की नाही, ही त्यांची खरी कसोटी. शाफ्ट्सबरी स्वतः या कसोटीला उतरला नाही. त्याचा कायदा उतरला.