कायली जेनरची संपत्ती: अंदाज आणि व्यवहार



गेल्या अंकातील एका वाचकपत्रात प्रसाधन-उद्योजिका कायली जेनरला निःशंकपणे स्वकर्तृत्वावरची अब्जाधीश ठरवले आहे; ते मान्य करता येत नाही. 'फोर्ब्स'ने मार्च २०१९ मध्ये तिला दिलेले हे स्थान प्रामुख्याने तिच्या प्रसाधन कंपनीच्या मूल्यांकनावर, म्हणजे कंपनी विकल्यास किती रक्कम येईल याच्या अंदाजावर, उभे होते. पुढे 'कोटी' नावाच्या समूहाने ५१ टक्के हिस्सा ६०० दशलक्ष डॉलरना घेतला आणि त्या व्यवहाराच्या कागदपत्रांतून उत्पादनांची विक्री समजली जात होती त्यापेक्षा बरीच कमी दिसल्याने, मे २०२० मध्ये त्याच नियतकालिकाने ते स्थान काढून घेतले. तिच्या बाजूने मात्र 'फोर्ब्स'चा हा निष्कर्ष फेटाळला गेला.

तिचे व्यापारी कौशल्य नाकारणे अन्यायाचे होईल. २०१५ मध्ये २९ डॉलरचा ओठांच्या प्रसाधनांचा संच तिने स्वतःचा कारखाना न उभारता, उत्पादन दुसऱ्या कंपनीकडे सोपवून आणि जाहिरातीसाठी मुख्यतः स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्याचा आधार घेऊन विकला. परंतु तिचा ग्राहकवर्ग २००७ मध्ये ती दहा वर्षांची असताना सुरू झालेल्या कौटुंबिक रिअॅलिटी मालिकेने घडवला होता, आणि पत्रलेखकाने नेमके हे भांडवल हिशेबातून वगळले आहे.

— एक वाचक