चाकांवरची खोली

ज्यांनी बैलबंडीचा संसार लहानपणी डोळ्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगावयास नको की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात एकच बंडी दोन जन्म जगत असे. वर्षभर शेणखत, कडबा आणि कापूस वाहणारी बंडी यात्रेच्या आदल्या दिवशी धुऊन निघे. साट्यावर बांबूचा तट्टा कमानीसारखा वाकवून बांधला जाई, खाली गवताचा जाड थर आणि त्यावर सतरंजी पडे, मागे कंदील लटके, आणि कालची ती मालवाहू बंडी आज अख्ख्या कुटुंबाचे घर होऊन पचमढीच्या महादेवाकडे निघे. यात्रा आटोपली की तट्टा उतरवून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवीत आणि बंडी पुन्हा उकिरड्याशी लागे. श्रीमंतांघरी बसण्यासाठी वेगळी रेंगी असे. बाकीच्यांचे एका बंडीवर भागे.

हे सारे आठवण्याचे कारण असे की आमचा एक जुना विद्यार्थी परवा एक प्रश्न घेऊन आमच्याकडे आला. सौंसरच्या बाजूस त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. त्याला माल वाहण्यासाठी पिकअप गाडी घ्यावयाची होती. परंतु त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे निकामी, आणि डोळे मिटण्यापूर्वी एकदा पंढरपूर पाहण्याची तिची इच्छा. बसची पायरी तिला चढवत नाही, वाटेतल्या शौचालयात तिला बसता येत नाही, आणि दोन दिवसांची वाट. तेव्हा गाडीच्या मागील हौद्यात बसेल आणि काम झाल्यावर उतरवून ठेवता येईल अशी एक खोली बनवावी, तिच्यात आईची खाट आणि खुर्चीचे शौचकूप असावे, असा त्याचा विचार. ‘‘सर, गाडी कोणती घेऊ?’’ आम्ही आयुष्यभर व्याकरण शिकविले. यंत्रांचे आम्हांस काय कळते? पण विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न टाळण्याची सवय लागलेली नाही, म्हणून आम्हीही त्याच्याबरोबर शिकत गेलो.

ही कल्पना जगाला नवी नाही. अमेरिकेत अशा उतरवता येणाऱ्या खोल्यांची जुनी प्रथा आहे. थोर कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली अशाच एका पिकअपवर खोली चढवून, चार्ली नावाचा कुत्रा बरोबर घेऊन आपला देश पाहावयास निघाले होते. गाडीला त्यांनी डॉन किहोटेच्या घोड्याचे, रोसिनांटे हे नाव दिले होते. त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली निघाले आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या विद्यार्थ्याला नोबेल नको होते, कळसाचे दर्शन हवे होते. पण हिशेब दोघांचा एकच.

तो हिशेब वजनाचा. गाडीच्या नोंदणीपत्रात दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की जे उरते तेवढेच आपले. आणि बसणारी माणसेही त्यातच धरावी लागतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विद्यार्थ्याने घाई करून दोन वर्षांपूर्वीच एका कारागिराकडून लोखंडी पत्र्याची खोली बनवून घेतली होती. वडिलांच्या जुन्या गाडीवर चढवून ती धर्मकाट्यावर नेली तेव्हा नुसत्या खोलीचेच वजन सातशे किलोंच्या घरात निघाले! शिवाय ती हौद्याच्या मागे तीन फूट बाहेर आलेली. जामसावळीच्या मारुतीपर्यंत ती नेऊन पाहिली, तेव्हा चढावर गाडीचे पुढचे अंग हलके पडून चक्र हातात तरंगू लागले. आई त्या दिवशी गाडीत नव्हती, हे नशीब.

येथे आमच्या वाडवडिलांचे ज्ञान कामी आले. भार आसाच्या मागे गेला की बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, हे आमच्या भागातल्या पोरालाही ठाऊक असे. पिकअपचे शास्त्र याहून वेगळे नाही. खोलीचा भारमध्य मागच्या आसाच्या किंचित पुढेच पडला पाहिजे. म्हणून पाण्याची टाकी, खाट आणि गॅसची शेगडी ही जड बिऱ्हाडे पुढे, कपडे-अंथरुणे मागे. नवी खोली हलक्या चौकटीवर प्लायवूड आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावून केली. तिचे वजन ३८० किलो भरले. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, लहान सिलिंडर तेरा, भांडीकुंडी-शिधा साठ, आणि चार माणसांचे दोनशे साठ. एकूण आठशे तेरा. म्हणजे टनभर भार सोसणारी गाडी हवी, आणि थोडी गुंजाईशही हवी. कारण घाटात, खड्ड्यांत आणि उन्हात मर्यादेच्या काठावर चालणे शहाणपणाचे नव्हे.

आता गाडी कोणती? टाटांची ‘एस’, जिला २००५ पासून सारा देश ‘छोटा हत्ती’ म्हणतो, बाजाराच्या फेऱ्यांना उत्तम. पण या ओझ्याला लहान. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आपल्याकडे आली. दोन्ही बसावयास मोटारीसारख्या सुखाच्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या. पण किंमत बगीच्याच्या एका बहाराला पेलणारी नव्हे, आणि त्यांची उंची पाहूनच आईचे गुडघे नाही म्हणाले. उरल्या महिंद्राची बोलेरो पिकअप, तिचीच दोन रांगांची बहीण बोलेरो कॅम्पर, आणि टाटांची २०१७ मध्ये आलेली योद्धा. ‘कॅम्पर’ या नावाला भुलू नये. तीत मुक्कामाची खोली नसते, मागे एक जादा बाक असतो एवढेच. पण आमच्या विद्यार्थ्याला हवा होता तो नेमका हा बाकच.

याचे कारण कायद्यात आहे आणि ते प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे असे आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यात, मग तेथे खोली असो की गादी, धावत्या गाडीत माणसे बसविता येत नाहीत. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते आणि घर उघड्यावर पडते. म्हणून आईने प्रवास पुढच्या आसनावर, पट्टा लावून करावयाचा; मुक्कामाला गाडी थांबली की खोलीत जावयाचे. एका रांगेच्या पिकअपमध्ये मुलगा, सून, नातू आणि आई बसतील कोठे? तेव्हा दोन रांगांची, टनभर भाराची गाडी ठरली. हौदा त्यामुळे आखूड झाला आणि संत्र्याची कॅरेटे काही कमी बसू लागली, हा तोटा त्याने डोळे उघडे ठेवून पत्करला.

दुसरी कायद्याची गोष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. खोली गाडीला कायमची जोडली की प्रश्न उभा राहतो. म्हणून ती सुटीच ठेवावी, हौद्याच्या पातळ कडांना न बांधता खालच्या चौकटीला पट्ट्यांनी आवळावी, आणि एवढे करूनही निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून आपल्या गाडीपुरते उत्तर लेखी घ्यावे. आम्हां सीमेवरच्या लोकांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि नागपूर पलीकडे गेले. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी आमची बाजारपेठ, सोयरीक आणि देव सीमेपलीकडेच आहेत. एकूण भारित वजन तीन हजार किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिटाची सक्ती नाही. गाडी घेताना हा आकडा नोंदणीपत्रावर बोट ठेवून वाचावा.

रोजच्या वापराचेही दोन शब्द. ओझ्यासाठी केलेल्या पाट्यांच्या कमानी रिकाम्या गाडीला खड्ड्यात उडवितात. चाकांतील हवा रिकाम्या आणि भरल्या गाडीला कंपनीने सांगितल्याप्रमाणे वेगवेगळी ठेवली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बंद खोलीत रात्री कोळशाची शेगडी किंवा गॅस कदापि पेटता ठेवू नये. त्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. समोरासमोर दोन झरोके कायम उघडे असावेत. स्वयंपाक शक्यतो बाहेरच करावा.

नवी खोली प्रथम रेतीची पोती भरून सिल्लेवानीच्या घाटातून फिरविली. चक्र स्थिर राहिले, ब्रेक तापले नाहीत. मग मुहूर्ताचा प्रश्न आला. आषाढीला कपाशीची डवरणी-निंदणी, कार्तिकीला आंबिया बहाराची तोड. शेवटी मृगाचा बहार उतरल्यावरची चैत्री वारी ठरली. छताखाली थर्मोकोलचे अस्तर लावले, कारण चैत्रातला पत्रा म्हणजे तवाच.

निघण्याच्या सकाळी आम्ही निरोपास गेलो होतो. म्हातारी खोलीकडे पाहून म्हणाली, ‘‘मास्तर, एवढी खोली कायले पायजे होती? कळस दिसला तरी भागलं माह्यं.’’ वारकऱ्यांत कळसाचे दर्शन हे विठ्ठलाचेच दर्शन मानतात. आठ दिवसांनी मंडळी परतली. गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत जाणे झाले नाही. चाकांच्या खुर्चीवरून तिला नेले, नामदेव पायरीशी माथा टेकवून आणले, आणि कळस तिने पोटभर पाहिला. वाटेत दोन रात्री ती आपल्या खाटेवर निजली, आणि कोणाच्या दारात तिला संकोचावे लागले नाही. ही शेवटची गोष्ट तिने आम्हांला दोनदा सांगितली.

आता गाडीवर पुन्हा संत्र्याची कॅरेटे आहेत. खोली अंगणातल्या निंबाखाली चार लोखंडी पायांवर उभी असून दुपारी तीत नातू अभ्यासाला बसतो. तट्टा उतरला आहे. बंडी कामाला लागली आहे.