‘मुंबई’ म्हणजे कोण?

‘मुंबईने विदर्भाला न्याय दिला नाही’ हे वाक्य नागपुरात नित्य ऐकू येते. येथे मुंबई म्हणजे शहर नव्हे, राज्य शासन. साहित्यशास्त्र यास लक्षणा म्हणते: मुख्य अर्थ जुळेनासा झाला की त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यावयाचा. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हणजे गंगेच्या तीरावर. खुद्द ‘नागपूर’ही तसेच. दिल्लीच्या वार्तापत्रांत ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे नाव असते, हिवाळ्यात विधिमंडळाच्या अधिवेशनाचे.

काव्यात लक्षणा भूषण ठरते. राजकारणात मात्र ती उत्तरदायित्व झाकते. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भास निधी व नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देऊ केला. १९८४ मध्ये दांडेकर समितीने सिंचन, रस्ते आदींचा अनुशेष आकड्यांत मांडला. परंतु त्या ‘मुंबई’त मुख्यमंत्रिपदी चंद्रपूरचे कन्नमवार होते; पुढे १९६३ ते १९७५ पुसदचे वसंतराव नाईक होते. शहरावर रोष धरता येतो. जाब माणसालाच विचारावा लागतो. गाऱ्हाणे खरे आहे. म्हणूनच कर्ता नेमका हवा. निर्णय कोणत्या खात्याचा आणि त्यावर सही कोणाची, हे विचारल्यावाचून अनुशेषाचा हिशेब पुरा होणार नाही.