काचेकडे कैफियत मागू नये

अमूर्त काचचित्रासमोर उभा राहिलेला आपला सुशिक्षित प्रेक्षक बहुधा ‘हे कशाचे चित्र आहे?’ असा प्रश्न प्रथम विचारतो, आणि त्याला उत्तर मिळाले नाही, म्हणजे या कृतीत पाहण्याजोगे काही नाहीच, असा निवाडा देऊन पुढच्या दालनाकडे वळतो. हा निवाडा मला अन्याय्य वाटतो. ज्या कृतीने कोणत्याही वस्तूचे वर्णन करण्याचे पत्करलेलेच नाही, तिच्याकडे वर्णनाची कैफियत मागावी आणि तिने मनात जी भावना प्रत्यक्ष उत्पन्न केली तिची मात्र दखलही घेऊ नये, यात नुकसान होते ते पाहणाऱ्याचे.

कॅनव्हासवरचा रंग आपल्यावर पडलेला प्रकाश परतवतो. काचेतला रंग त्याला आपल्यातून वाट देतो. चित्रकाराने रंग कितीही विचारपूर्वक योजिले, तरी त्यांचे तेज ठरविण्याचा अखत्यार सूर्याकडेच राहतो, आणि म्हणून तेच काचचित्र प्रातःकाळी एक, माध्यान्ही दुसरे आणि आभाळ भरून आले असता तिसरेच भासते. शिवाय तो रंग फरशीवर, खांबांवर आणि पाहणाऱ्याच्या अंगावरही उतरतो. भावना जागी होते ती या सान्निध्यातून.

बर्लिनचे कैसर विल्हेल्म स्मृतिचर्च १९४३ च्या नोव्हेंबरातील बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले. त्याच्या भग्न मनोऱ्याशेजारी एगॉन आयरमान या वास्तुविशारदाने उभारलेल्या, १९६१ साली पूर्ण झालेल्या अष्टकोनी चर्चच्या काँक्रीटच्या जाळीदार भिंतींत वीस हजारांहून अधिक काचा बसविल्या आहेत. आणि त्या घडविल्या शार्त्रच्या गाब्रिएल ल्वार यांनी, म्हणजे युद्धात शत्रुपक्षात असलेल्या फ्रान्समधील कलावंताने. त्या काचांत संहाराचे एकही दृश्य नाही. सर्वत्र गर्द निळा वर्ण, आणि त्यात विखुरलेले तांबडे, हिरवे, पिवळे कण. शोकाकुल मातेची आकृती तेथे असती, तर कोणासाठी रडावे हे तिने सांगितले असते. हा निळा रंग शोकाला कोणाच्याही नावे करून देत नाही, म्हणूनच जेता आणि जित या दोघांनाही आपापले दुःख घेऊन तेथे बसता येते.

कोलोनच्या कॅथेड्रलचा दाखला याहून कसोटीचा आहे. तेथील दक्षिणेकडच्या खिडकीसाठी विसाव्या शतकातील हुतात्म्यांची चित्रे करावीत, अशी मूळ तजवीज होती. ती बाजूस सारून गेरहार्ड रिष्टर यांनी ७२ रंगांच्या सुमारे ११ हजार चौरस काचा योजिल्या आणि त्यांची मांडणी बव्हंशी संगणकाच्या यादृच्छिक निवडीवर सोपविली. २००७ साली ती खिडकी खुली झाली, तेव्हा ती मशिदीत किंवा अन्य प्रार्थनागृहात अधिक शोभेल, अशी हरकत आर्चबिशप कार्डिनल माइस्नर यांनी घेतली. रंगांचा क्रम योगायोगाने ठरला असेल, तर तेथे भावना कोणाची, अशी शंका कोणीही घेईल. परंतु हे रंग त्या कॅथेड्रलच्याच जुन्या काचांवरून निवडलेले आहेत. आणि ज्या विपुलतेत कोणत्याही एका ठिकाणी पाहण्याचा आग्रह नाही, तीत दृष्टी मोकळी होते आणि दृष्टीबरोबर चित्तही. ही मोकळीक रंगांची यादी करून हाती लागत नाही; ती पाहणाऱ्याच्या ठायी निष्पन्न होते.

हा विचार आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. काश्मिरात नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त, वाच्यार्थ नसलेल्या गीतस्वरांतूनही रसाची अभिव्यक्ती होते, हे प्रमाण म्हणून मांडले, आणि भैरवाच्या आलापात शब्दार्थ न शोधता तल्लीन होणारा मराठी श्रोता ते प्रमाण आजही खरे करून दाखवितो. कानाला दिलेली ही मुभा डोळ्यांना नाकारणे विसंगत आहे.

म्हणून कलासंग्रहालयांना माझी शिफारस अशी की, अशा कृती विजेच्या दिव्यांच्या पेटीत कोंडून न ठेवता दिवसाचा बदलता उजेड जेथे येईल तेथे मांडाव्यात आणि समोर निवांत बसण्याची सोय करावी. चित्रकलेच्या शिक्षकांनीही ‘हे काय आहे?’ असे विचारण्यापूर्वी ‘तुला काय वाटते, आणि कोणत्या रंगामुळे?’ असे मुलांना विचारावे. या प्रश्नाचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे, कारण आपल्या भावनेचे मूळ त्या विशिष्ट निळ्यात, त्याच्या विस्तारात आणि त्याच्या शेजारच्या तांबड्यात शोधण्यास तो मुलाला भाग पाडतो. आणि असा शोध घेण्याची सवय ज्याला लागली, त्याच्याच अभिप्रायाला रसिकतेचा मान द्यावा.