हक्कसोड म्हणजे अपरिग्रह नव्हे



आपल्यात एक वाक्य फार सराईतपणे वापरलं जातं. आज मला त्या वाक्याशी भांडायचं आहे. वडिलांना जाऊन महिना होतो न होतो तोच बहिणींना बोलावणं येतं. चहा होतो, जुन्या आठवणी निघतात, डोळे पुसून होतात आणि मग कुणीतरी वडीलधारे हक्कसोडपत्राचा कागद पुढे सरकवत म्हणतात, “बाई, तुझ्या घरी काय कमी आहे? आपण जैन. सोडण्यातच आपलं पुण्य.”

सोडण्यात पुण्य आहे, कबूल. मग ते पुण्य फक्त बहिणींच्याच वाट्याला का? त्याच खोलीत बसलेल्या भावाला कुणी म्हणत नाही, की बाबा रे, तुझी दोन दुकानं आहेत, चार एकर ऊस आहे, तू सोड. अपरिग्रहाची आठवण घरात नेमकी लेकीलाच करून दिली जाते, आणि तीही सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायच्या आधी.

आपल्याला श्रावकाचं व्रत सांगितलंय ते परिग्रह-परिमाणाचं. म्हणजे माझ्याकडे जे आहे त्याला मी मर्यादा घालते. त्या परिग्रहाच्या यादीत शेत आणि घर अगदी सुरुवातीला येतात. पण मर्यादा घालायला आधी ते माझं असायला हवं ना? जिला किती गुंठे आहेत हे सांगितलं नाही, गट नंबर माहीत नाही, उतारा दाखवला नाही, तिने सही केली तर तिने त्याग केला असं कसं म्हणायचं? तिच्याकडून काढून घेतलं, एवढंच खरं.

आणि इथे दुसरंही एक अणुव्रत आहे, जे या बैठकीत कुणाला आठवत नाही. अचौर्य. न दिलेलं घेणं ही चोरी, इतकी साधी व्याख्या आपण पाठशाळेत शिकलो. बहीण भिडेपोटी सही करते, माहेर तुटेल या धाकाने करते, कागद न वाचता करते, तेव्हा तिने दिलं असं मानायचं का? म्हणून मला वाटतं, त्या खोलीत चर्चा बहिणीच्या अपरिग्रहाची नको, भावाच्या अचौर्याची व्हायला हवी.

समानतेचं म्हणाल तर ८ मार्चला आपल्या मंडळांत भाषणं छान होतात. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले. महावीरांच्या संघात १४ हजार साधू आणि ३६ हजार आर्यिका होत्या, त्यांच्या प्रमुख चंदनबाला, जिला बाजारात विकलं गेलं होतं. ऐकून ऊर भरून येतो. मल्लीनाथ स्त्री की पुरुष, स्त्रीला त्याच देहातून मोक्ष आहे की नाही, हा दिगंबर-श्वेतांबर वाद तर शेकडो वर्षं चाललाय. तो पंडितांनी चालवावा. तलाठ्याकडे मोक्ष मिळत नाही, फक्त नाव लागतं, आणि माझा आजचा मुद्दा तेवढाच आहे.

कारण पैशाअडक्याच्या बाबतीत आपला इतिहास भाषणात सांगतात त्यापेक्षाही जास्त ठोस आहे. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने उत्तर भारतातल्या एका अग्रवाल जैन कुटुंबाच्या खटल्यात जैनांची रूढी मान्य केली. पुत्र नसलेल्या विधवेला पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर पूर्ण मालकी, आणि पतीची परवानगी नसतानाही दत्तक घ्यायचा अधिकार. त्या काळी हिंदू विधवेला हयातभर उपभोगापुरताच हक्क असायचा, विकायचं म्हटलं तर अडचण. ती अडचण कायद्याने दूर झाली १९५६ मध्ये. म्हणजे या बाबतीत आपल्या काही बायका पाऊणशे वर्षं पुढे होत्या! मगनबाई स्वतः तरुणपणी विधवा झाल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला, सोलापुरात सुमतीबाई शहांनी श्राविका संस्था वाढवली. बाईला दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं लागू नये, हाच त्यांचा ध्यास होता.

मुलीला मात्र थांबावं लागलं. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढे त्याचे तुकडे करून कायदे झाले. १९५६ चा वारसा कायदा नाव घेऊन जैनांनाही लागू आहे, त्यामुळे “आपला कायदा वेगळा” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वडिलांच्या स्वतःच्या कमाईत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा, मुलगी, आई आणि आजी यांना तेव्हापासून सारखा वाटा आहे. वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला हिस्सा दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. ही अट २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने गेली. मुलगी जन्मतःच मुलासारखी हिस्सेदार झाली. भाऊ वाटणी करेपर्यंत राहत्या घरात बहिणीने वाटणी मागायची नाही, हे कलमही गेलं. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी हक्क जात नाही, हे ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या मोडता येत नाहीत.

इतकं सगळं मिळूनही एका सहीत आपण ते परत देतो.

“लग्नात सोनं घातलं की.” घातलं. भावाच्या लग्नातही खर्च झाला, त्याच्या शिक्षणाला, दुकानाच्या पागडीला पैसे गेले, ते कुणी त्याच्या हिश्श्यातून वजा केले का? “माहेर तुटेल.” ही भीती खोटी नाही, मी तिला हसणार नाही. भाऊबीजेला जायला दार उघडं असावं हे प्रत्येकीला वाटतं. पण माझ्या सख्ख्या आत्याने सही केली होती. पुढे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली. तिच्याच वडिलांच्या जमिनीवरच्या उसाचं बिल यायचं आणि ही रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी भाच्याकडे पैसे मागायची. दार उघडं होतं हो. आत तिची जागा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती.

आता कटू बोलते. नणंदेकडून सही घेण्याची घाई पुष्कळदा आपल्यालाच असते. “वन्सं, तुम्हाला काय कमी?” हे वाक्य आपण सासरी म्हणतो आणि त्याच वर्षी माहेरी जाऊन आपली वहिनी तेच म्हणाली म्हणून रडतो. पंचकल्याणकात नवऱ्याच्या नावाने लाखाचा सवाल बोलला की आपण टाळ्या वाजवतो, संगमरवरावर नाव कोरलं जातं. त्या लाखात नणंदेचे किती, हे कधी मोजलंय?

जिला भावाला खरंच द्यायचंय, तिने जरूर द्यावं. भाऊ अडचणीत असेल, आईवडिलांचं दुखणंखुपणं त्यानेच काढलं असेल, तर मन मोठं करण्यात गैर काही नाही. पण आधी वारसनोंदीत आपलं नाव लावून घ्या. सातबारा आणि फेरफार स्वतः वाचा, येत नसेल तर मुलीला वाचायला सांगा. किती क्षेत्र, आज काय भाव, त्यावर कर्ज किती, हे विचारा. वर्षभर जाऊ द्या. मग नोंदणी करून काय द्यायचं ते द्या. सुतकाच्या घरात, दहा माणसांसमोर, पेन हातात कोंबून नाही. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर रडून रद्द होत नाही. कोर्टात जावं लागतं आणि फसवणूक किंवा दबाव आपल्यालाच सिद्ध करावा लागतो.

दशलक्षण पर्व जवळ आलंय. उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य या दोन दिवसांची प्रवचनं आमच्या बस्तीत बायकाच जास्त ऐकतात, पुरुष दुकानात असतात. यंदा आमच्या मंडळाने ठरवलंय, त्यागाच्या दिवशी संध्याकाळी एका वकीलबाईंना बोलवायचं, आणि प्रत्येकीने आपल्या माहेरच्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन काढून आणायचा. नणंदांनाही बोलावणं आहे.