शेपटीचा सांधा

तर झालं असं, की दोन आठवड्यांपूर्वी मी एका मित्राला "नाही" म्हणालो आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. त्याच्या बायकोचा माझ्या बायकोला फोन येऊन गेला ("अगं, ह्या दोघांचं नक्की बिनसलंय काय?"), मंडळाच्या बैठकीत तो माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसला, आणि आता हे प्रकरण थेट रत्नागिरीला दादापर्यंत पोचलंय. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो.

मित्राने मागच्या ऑक्टोबरात १९७४ सालची कॉर्व्हेट घेतली. आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला. इथे पन्नाशीला आलेल्या माणसाने जुनी गाडी घेणं म्हणजे आपल्याकडे गावाबाहेर जमिनीचा तुकडा घेण्यासारखं आहे, एकदा तो ताप येऊन जावाच लागतो. माहीत नसणाऱ्यांसाठी: कॉर्व्हेट ही शेवरोलेची दोन माणसांची स्पोर्ट्स कार. १९५३ मध्ये पहिल्या ३०० गाड्या आमच्या जवळच्या फ्लिंट गावात बनल्या, मग कारखाना सेंट लुइसला गेला. हिला पत्रा नाही, अंग सगळं फायबरग्लासचं. आपल्या कोकणातल्या नव्या होड्या ज्याच्या असतात, तेच. काचेचे धागे आणि रेझिन. ते गंजत नाही (खालची चासी लोखंडी, ती यथेच्छ गंजते), आणि ते कापून पुन्हा चिकटवता येतं. आमचं भांडण ह्या शेवटच्या गुणावरून आहे.

१९६८ ते १९७३ च्या कॉर्व्हेटची मागची बाजू फार देखणी होती, हे मी आधीच कबूल करतो. आखूड, किंचित वर वळलेली शेपटी, चार गोल लाल दिवे, नंबरप्लेटच्या दोन बाजूंना क्रोमचे दोन नाजूक बंपर. १९७४ मध्ये ते सगळं गेलं. त्या जागी आली उतरती, गुबगुबीत शेपटी: गाडीच्याच रंगात रंगवलेलं युरेथेनचं मऊ कव्हर आणि त्याच्या आत धक्का पचवणारा ॲल्युमिनियमचा दांडा. त्यात १९७४ चं कव्हर दोन तुकड्यांचं, मधोमध उभी फट. १९७५ पासून कव्हर अखंड झालं. म्हणजे ती फट एकाच वर्षाच्या ३७,५०२ गाड्यांवर आहे, आणि जवळजवळ प्रत्येक मालकाला तिची लाज वाटते.

म्हणून इथे एक जुना उद्योग चालतो. मऊ शेपटीची गाडी घ्यायची, मागचा भाग कापायचा, आणि त्यावर जुन्या पद्धतीची क्रोम बंपरवाली शेपटी जोडायची. तयार भाग विकत मिळतात. मित्राला हेच करायचंय, आणि त्यासाठी त्याला मी हवाय. कारण २००८ च्या उन्हाळ्यात मी माझ्या १९७६ च्या गाडीवर हे सगळं स्वतःच्या हाताने केलं होतं. ह्याच ब्लॉगवर त्याचे फोटोही मी मोठ्या अभिमानाने टाकले होते. जुन्या वाचकांना आठवत असतील.

काम कसं असतं ते सांगतो, म्हणजे मी काही हवेतून बोलत नाही हे कळेल. ह्या गाडीला डिकीचं झाकणच नसतं; पेट्रोलची टाकी मागच्या चाकांच्या मागे, अगदी शेपटीत. तेव्हा आधी स्टेपनीचा डबा काढायचा, मग टाकी उतरवायची. टाकी आत ठेवून कोणी ग्राइंडर चालवत असेल तर त्या माणसापासून लांब राहा. मग कव्हर, दांडा, त्याचे ब्रॅकेट. मग रंग खरवडून कारखान्याने पॅनेल कुठे चिकटवले ते सांधे शोधायचे आणि कापायचं. त्या दिवशी जी धूळ उडते तिच्यापुढे खाजकुयली परवडली. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, सगळं घालूनही आठवडाभर ओरबाडत होतो, आणि बायकोने माझे कपडे वेगळे धुवायलाही नकार दिला, सरळ फेकले. नवीन भाग बसवताना दोन्ही कडा लांबवर उतरत्या घासायच्या, आतून पट्टी लावायची, वरून मॅट आणि रेझिनचे थर द्यायचे, घासायचं, पुट्टी, पुन्हा घासायचं. नळकांड्यांचंही बदलावं लागतं, कारण जुन्या शेपटीत सायलेन्सरची तोंडं खालच्या पॅनेलमधल्या भोकांतून बाहेर येतात. आणि रंग देण्याची घाई केलीत तर रेझिन हळूहळू आकसत जातं आणि वर्षा-दोन वर्षांनी उन्हात उभी असताना चकचकीत रंगातून सांध्याची रेघ वर येते. ती रेघ येऊ नये म्हणून मी महिनाभर गाडी तशीच उघडी ठेवली होती. सगळी मेहनत त्या एका रेघेसाठी. ती दिसता कामा नये.

आता मुद्दा. हे करणारी मंडळी म्हणतात की आम्ही गाडी "सुधारतो". कायद्याने जे बिघडवलं ते आम्ही मूळपदावर आणतो. मीही २००८ मध्ये असंच लिहिलं होतं. पण कुठलं मूळपद? ह्या गाडीचं नाक पाहा ना. नाकही युरेथेनचंच आहे, आणि ते कोणी कापत नाही. मऊ नाक आणि क्रोमची शेपटी, असा अवतार कारखान्याने फक्त एका वर्षी काढला: १९७३. आणि तो का काढला? कुणा डिझायनरच्या स्वप्नात आला म्हणून नव्हे. अमेरिकन सरकारचा बंपरचा नियम सप्टेंबर १९७२ पासून लागू झाला. ताशी ५ मैलांच्या धडकेत दिवे, इंधनाची व्यवस्था वगैरे शाबूत राहिली पाहिजे, ही अट पुढच्या बाजूला लगेच लागली. मागच्या बाजूला पहिल्या वर्षी अडीच मैलच पुरत होते, ५ मैलांची अट एक वर्षाने आली. एवढ्यावर ते क्रोम वाचलं. म्हणजे ज्याला आपण सोन्याचा काळ समजून चिकटवतो, ती सरकारी वेळापत्रकातली एका वर्षाची सवलत आहे! १९७३ ची गाडी हीच मुळात अर्धी-अर्धी. तिच्यासारखं दिसण्यासाठी चौऱ्याहत्तरचं शेपूट कापणं ह्याला मी सुधारणा कसं म्हणू?

चौऱ्याहत्तरला तिचं स्वतःचं म्हणणं आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरबांनी तेल अडवलं, पंपांवर रांगा लागल्या, त्या हिवाळ्यात ही गाडी विकली जात होती. पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारी यंत्रणा त्या वर्षीच्या गाड्यांना सक्तीची होती. लोक इतके चिडले की वर्ष संपायच्या आत काँग्रेसने ती सक्ती मोडीत काढली. ४५४ घनइंचांचं थोरलं इंजिन कॉर्व्हेटमध्ये मिळण्याचं हे शेवटचं वर्ष, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसण्याचंही शेवटचं. पुढच्याच वर्षी साध्या इंजिनाची ताकद १९५ वरून १६५ अश्वशक्तीवर आली. हे सगळं त्या गाडीत आहे आणि त्याची बाहेरून दिसणारी एकमेव खूण म्हणजे ती मधली फट. घाईत, नियमाची तारीख गाठायला, दोन तुकड्यांत बनवलेलं शेपूट. मला ते कुरूप वाटतं. वाटो. माझ्या पासपोर्टवरचा फोटोही कुरूप आहे.

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे, जी मी तेव्हा लिहिली नव्हती.

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी ती गाडी वुडवर्ड ड्रीम क्रूझला घेऊन गेलो. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या, दुतर्फा खुर्च्या टाकून बसलेली माणसं. पहिल्याने विचारलं, "त्र्याहत्तरची का?" मी सगळी हकिगत सांगितली. त्याने मान डोलावली आणि पुढच्या गाडीकडे गेला. दुसऱ्याला थोडक्यात सांगितलं. तिसरे एक आजोबा होते, काठी टेकत आले, क्रोमवर हात फिरवला आणि म्हणाले, त्र्याहत्तर? मी म्हणालो, हो. एवढंच. मग ते पंधरा मिनिटं बोलत उभे होते. त्यांच्याकडे नवीकोरी घेतलेली त्र्याहत्तर होती, मुलगी झाल्यावर विकावी लागली. त्यांनी मला दोनदा थँक्यू म्हटलं. मी घरी येताना खिडकी उघडी ठेवूनही घामाघूम झालो होतो.

२०१३ मध्ये गाडी विकली. घेणाऱ्याला कापाकापीचे सगळे फोटो आणि एक सविस्तर कागद दिला. दोन वर्षांनी तीच गाडी (माझ्याच हातची, पॅनेलवरचा एक उंचवटा मी झोपेतही ओळखेन) एका जाहिरातीत दिसली, मथळ्यात १९७३. फोटो नाहीत, कागद नाही. खिडकीच्या खांबावरच्या पट्टीवर जो ओळखक्रमांक असतो त्यातलं सहावं अक्षर वर्ष सांगतं, तिथे ६ आहे, हे माहीत असणाऱ्याला फसवता येणार नाही. पण माहीत नसणाऱ्याचं काय? मी जाहिरात देणाऱ्याला लिहिलं. उत्तर आलं नाही. तो लबाड असेल, पण ते लबाडीचं हत्यार मी घासूनपुसून तयार केलं होतं.

"गाडी माझी, पैसे माझे" असं मित्र म्हणतो. अगदी मान्य. मी काही पोलीस नाही. आणि उगाच गैरसमज नको, एकेका नटबोल्टवरचा छाप तपासत फिरणाऱ्या, इंजिनाचा नंबर जुळला की भाव दुप्पट सांगणाऱ्या लोकांच्या बाजूनेही मी बोलत नाहीये. त्यांना गाडी दिसत नाही, आकडा दिसतो. कोणी कॉर्व्हेटला बैलगाडीचं मागचं बसवून "हे मी केलंय" म्हणाला तर मी टाळ्या वाजवीन. माझा राग आहे तो न दिसणाऱ्या सांध्यावर. आणि आम्हा दोघांना, म्हणजे त्याला आणि मला, ह्या जुन्या अमेरिकेची एवढी ओढ कशाला? १९७३ मध्ये तो नाशिकला पाळण्यात होता. आमच्या घरी तेव्हा सायकल होती, एक, सहा माणसांत.

दादाने फोनवर माझी चांगली कोंडी केली. म्हणाला, "अरे, आपण रायवळाच्या कोयीवर हापूस बांधतोच की. त्याला कोणी फसवणूक म्हणतं का?" दोन दिवस मला उत्तर सुचेना. मग आठवलं, दादा, तूच मला शिकवलंस: कलम लावताना सांधा मातीच्या वर ठेवायचा, दिसला पाहिजे, आणि त्याच्या खालून रायवळाचे फुटवे आले तर खुडायचे. तुझ्या बागेतल्या कुठल्याही झाडाचा सांधा मी आजही बोट ठेवून दाखवीन. आणि त्या झाडाला तू कधी आजोबांनी लावलेलं म्हणून विकलेलं नाहीस.

मित्राची एक अडचण मात्र खरी आहे. त्याचं कव्हर पार गेलंय. युरेथेन म्हातारं झालं की त्याला लाटा येतात, भेगा पडतात. त्याचं तर जुन्या चपलेच्या तळव्यासारखं झालंय, बोटाने तुकडा निघतो. काहीतरी करायलाच हवं. मी म्हटलं, नवीन कव्हर आणू, दोन तुकड्यांचं, फटीसकट, एका शनिवार-रविवारी बसवून देतो. तर म्हणाला, निदान अखंड तरी बसवू, पंचाहत्तरचं. तिथे मी पुन्हा नाही म्हणालो, आणि तो उठून गेला. तेवढं ताणायला नको होतं, असं बायकोचं मत आहे. असेलही.

काल कळलं की त्याने शेपटी मागवली आहे, खोकं गॅरेजमध्ये येऊन पडलंय. टाकी उतरवायला दोन माणसं लागतात आणि त्याचा मुलगा कॉलेजला गेलाय. त्याने बोलावलं तर टाकी उतरवायला मी जाईन. ती एकट्याने उतरवू नकोस रे, एवढं तरी ऐक. कापायच्या दिवशी मात्र मी येणार नाही.