गार वाऱ्याचा इशारा

डिसेंबर सरत आला की नारायण पेठेत मुठेकडून येणारा पहाटेचा वारा अंगाला झोंबू लागतो. नाताळच्या सुट्टीत मांगीतुंगीच्या यात्रेला निघालेले एखादे कुटुंब पहाटे चारला गाडी बाहेर काढते. मागच्या आसनावर आजी शाल लपेटून बसलेल्या असतात. त्यांच्यासाठी वर्षभरात प्रथमच हीटरची कळ तांबड्या खुणेकडे फिरविली जाते. चाकण मागे पडते, तरी आतील वारा गारच राहतो. ‘पुण्यात हीटर लागतो तरी कितीदा?’ असे म्हणून कळ बंद होते आणि विषय तेथेच मिटतो.

वास्तविक तो तेथे मिटता कामा नये. पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या गाडीचा हीटर सहसा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. इंजिनाची उष्णता वाहून नेणारे कुलंट एका लहान जाळीतून, म्हणजे हीटर कॉइलमधून फिरते आणि पंख्याची हवा तिच्यावरून ऊब घेऊन आत येते. कुलंटची पातळी घसरली की या कॉइलमध्ये हवा अडकते व ऊब थांबते. म्हणून गार वारा हा पुष्कळदा कुलंट कमी झाल्याचा पहिला इशारा असतो. तो दुर्लक्षिला, तर पुढे एखाद्या घाटात इंजिन तापून गाडी बंद पडण्याचा धोका असतो.

तपासणी क्रमाने करावी. प्रथम इंजिन पुरेसे गरम झाले आहे ना, हे पाहावे. त्यास पाचदहा मिनिटे लागतात. बराच वेळ गाडी चालवूनही तापमानाचा काटा वर सरकत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असण्याचा संभव असतो. उलट वारा गार आणि काटा मात्र चढत असेल, तर गाडी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना, कुलंटच्या टाकीवरील दोन खुणांमध्ये पातळी आहे का, हे पाहावे. गरम इंजिनावर टाकीचे वा रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील उकळते द्रव अंगावर उसळते.

पातळी योग्य असूनही ऊब येत नसेल, तर पुढील काम मेकॅनिकचे. कॉइलकडे जाणारे दोन्ही पाईप गरम असतील, तर हवा वळविणारी झडप किंवा तिची केबल बिघडलेली असते. एक गरम व दुसरा थंड असेल, तर बहुधा कॉइल तुंबलेली असते. कुलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे वा बोअरचे पाणी ओतल्यास आत क्षार व गंज साचतो आणि जाळी बुजते. गाडीत गोडसर वास येणे, पुढील काचेवर आतून तेलकट थर बसणे, पायाखालचा गालिचा ओला होणे, ही कॉइल गळत असल्याची लक्षणे होत.

आता मुख्य प्रश्न. टाकीतून कमी झालेले कुलंट गेले कोठे? पुष्कळदा ते थेंबाथेंबाने वाहनतळाच्या फरशीवर उतरलेले असते. बहुतेक कुलंटमध्ये एथिलीन ग्लायकोल असते. त्याची चव गोड, परिणाम मात्र प्राणघातक. पोटात गेल्यावर शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. लहानशा मांजरीला शुद्ध ग्लायकोलचा चहाचा एक चमचाही पुरतो. पेठेतील कुत्री-मांजरे थंडीत गाड्यांखालीच आसरा घेतात. अमेरिकेत उत्पादकांनी २०१२ मध्ये कुलंटमध्ये कडू द्रव्य स्वेच्छेने मिसळण्याचे ठरविले, ते याच कारणाने. एखाद्या प्राण्याने कुलंट चाटल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता त्यास पशुवैद्याकडे न्यावे. उपचाराची वेळ काही तासांचीच असते.

पाणी गाळून पिणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरातील माणसे जाणूनबुजून मुंगीही दुखावणार नाहीत. परंतु तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादावरच बोट ठेवले आहे. हेतू नव्हता, एवढ्याने बेसावधपणाचा दोष सुटत नाही. त्याच ग्रंथातील पाच समितींपैकी उत्सर्ग समिती टाकाऊ वस्तूच्या विसर्जनातही जीवरक्षणाची दक्षता सांगते. ती मुनींसाठी असली, तरी गृहस्थाने तिच्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. जुने कुलंट गटारात ओतले, तर ते पुढे मुठेच्या पाण्यात मिसळू शकते. ते झाकणबंद डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे व विल्हेवाटीची व्यवस्था विचारून घ्यावी. फरशीवर सांडलेले कुलंट वाळूने किंवा लाकडाच्या भुशाने टिपून, ती वाळू पिशवीत बांधून वेगळी ठेवावी आणि मग जागा स्वच्छ करावी.

गळती ओळखण्याचा उपाय साधा आहे. रात्री गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा अंथरावा. सकाळी त्यावर हिरवा, गुलाबी वा नारिंगी डाग दिसला, तर यात्रेपूर्वी गाडी दुरुस्तीस न्यावी. झिजलेला पाईप किंवा सैल क्लिप वेळीच बदलण्याचा खर्च, तापून निकामी झालेल्या इंजिनाच्या खर्चापुढे नगण्य असतो. आणि पुठ्ठा उचलण्यासाठी वाकलेच आहोत, तर चाकाआड कोणी निजले आहे का, हेही पाहून घ्यावे. बॉनेटवर हलकी थाप मारावी आणि मगच गाडी सुरू करावी.